मतदान केंद्राची जागा कशी ठरते : सोलापूर जिल्ह्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

मतदान केंद्र लांब पडले, पायऱ्या चढाव्या लागल्या, उन्हात रांग लागली, अशा तक्रारी सोलापुरात मतदानाच्या दिवशी हमखास कानांवर येतात आणि बहुतेक वेळा त्या केंद्राध्यक्षांना ऐकून घ्याव्या लागतात. केंद्राध्यक्ष आदल्या दिवशी साहित्य घेऊन तेथे पोचलेले, पुष्कळदा दुसऱ्याच भागातून आलेले कर्मचारी असतात आणि जागेच्या निवडीशी त्यांचा काडीचाही संबंध नसतो. तो निर्णय कित्येक महिने आधी निवडणूक शाखेत, मतदारसंख्या, नकाशे आणि इमारतींची पाहणी यांच्या आधारे झालेला असतो, आणि त्या काळात नागरिकांना आपले म्हणणे मांडण्याची रीतसर संधीही दिलेली असते. ती संधी केव्हा येते आणि तिचा उपयोग कसा करून घ्यावा, हे कळण्यासाठी ही प्रक्रिया क्रमाने समजून घ्यावी लागते. नवमतदार, नव्या वसाहतीत राहायला आलेली कुटुंबे, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, पहिल्यांदाच बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम अंगावर आलेले शिक्षक व अंगणवाडी सेविका आणि राजकीय पक्षांचे नवे बूथ कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी : निवडणूक कोणती आणि मतदारसंघ कोणता, हे निश्चित करा

लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांची मतदान केंद्रे भारत निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २५ नुसार प्रत्येक मतदारसंघात पुरेशी मतदान केंद्रे उपलब्ध करून देण्याची आणि त्यांची यादी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांवर आहे; मात्र त्यासाठी आयोगाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्यामुळे जिल्हाधिकारी प्रस्ताव तयार करतात, तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांमार्फत आयोगाकडे जातो आणि आयोगाच्या मान्यतेनंतरच यादी अंतिम होते. प्रत्यक्ष काम याच्या खालच्या स्तरांवर चालते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघासाठी एक मतदार नोंदणी अधिकारी असतो, जे काम साधारणपणे प्रांताधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. त्यांच्या हाताखाली सहायक मतदार नोंदणी अधिकारी म्हणून तहसीलदार, त्यानंतर पर्यवेक्षक आणि सर्वांत शेवटी प्रत्येक यादी भागासाठी, म्हणजे मतदार यादीच्या प्रत्येक भागासाठी, एक बीएलओ असतो.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात आणि त्यांची केंद्रे वेगळ्या प्रकारे ठरतात. त्यांच्याविषयी शेवटी लिहिले आहे. दोन्हींची गल्लत करणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक आहे.

आता मतदारसंघाविषयी. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि विधानसभा मतदारसंघही अकरा आहेत : करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस. आकडा सारखा असल्यामुळे तालुका आणि मतदारसंघ एकच असावेत असे वाटते, पण तसे मुळीच नाही. पंढरपूर तालुक्यातील गावे चार मतदारसंघांत विभागलेली आहेत आणि मंगळवेढ्याच्या मतदारांना पंढरपूर मतदारसंघात मतदान करावे लागते. सोलापूर शहरातही जुळे सोलापूरसारख्या भागात राहणारा महापालिकेचा करदाता विधानसभेसाठी सोलापूर दक्षिणचा मतदार असतो. लोकसभेसाठी तर बार्शीचा समावेश धाराशिवमध्ये होतो. मतदान केंद्राविषयीचा अर्ज तालुक्याच्या नव्हे, मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो चुकीच्या कार्यालयात दिला, तर तो योग्य टेबलापर्यंत पोचेपर्यंत मुदत निघून जाते. आपला मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि सध्याचे केंद्र ही तिन्ही माहिती मतदार सेवा पोर्टलवर किंवा १९५० या मदत क्रमांकावर मिळते.

दुसरी पायरी : मतदारसंख्येचे गणित समजून घ्या

जागा शोधण्याआधी किती केंद्रे लागणार, हे ठरते, आणि ते मतदारसंख्येवर अवलंबून असते. मतदार यादी ज्या भागांत विभागलेली असते त्या प्रत्येक भागाला एक मतदान केंद्र, असे हे समीकरण आहे. म्हणून केंद्राची हद्द आणि यादी भागाची हद्द एकच असते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात १,००,१८६ मतदान केंद्रे होती. त्या वेळी एका केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार असावेत अशी मर्यादा होती. २०२५ मध्ये आयोगाने ती १,२०० वर आणली.

तीनशेचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. मतदान सकाळी ७ ते सायंकाळी ६ असे अकरा तास चालते, असे धरू. पंधराशे मतदारांपैकी ६५ टक्के लोक आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी चाळीस सेकंद येतात. बाराशेंपैकी तेवढेच टक्के आले, तर जवळपास एक्कावन्न सेकंद येतात. एवढ्या वेळात नाव शोधणे, ओळखपत्र पाहणे, बोटाला शाई लावणे, सही घेणे आणि यंत्रावर मत नोंदवणे हे सारे उरकायचे असते. शिवाय मतदार घड्याळ लावल्यासारखे समान अंतराने येत नाहीत. २०२४ ची लोकसभा निवडणूक सोलापुरात ७ मे रोजी झाली. मे महिन्यातील सोलापूरचे ऊन ज्याला माहीत आहे, तो सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतरच घराबाहेर पडतो. गर्दी त्या दोन वेळांत साचते आणि दुपारी केंद्र ओस पडते. त्यामुळे कमाल मर्यादेच्या काठावर असलेले केंद्र नियमात बसत असले, तरी प्रत्यक्षात ते अपुरे पडण्याची शक्यता असते, आणि हरकत घेताना ही बाब आवर्जून मांडण्यासारखी असते.

समजा, विजापूर रोडवरील एका यादी भागात १,३४० मतदार झाले आणि शेजारच्या भागात ७८० आहेत. अशा वेळी नवीन केंद्र काढण्यापूर्वी अधिकारी साधारणपणे एखादी गल्ली किंवा सोसायटी, म्हणजे यादीतील एक अनुभाग, शेजारच्या भागात वळवता येतो का, हे पाहतात. हे करताना एका कुटुंबातील मतदार एकाच केंद्रावर राहिले पाहिजेत, एका इमारतीचे तुकडे होता कामा नयेत आणि दोन भागांमधील हद्द रस्ता, नाला, रेल्वेमार्ग अशी जमिनीवर दिसणारी असली पाहिजे, ही पथ्ये पाळावी लागतात. वळवणे शक्य नसेल, तर नवीन केंद्राचा प्रस्ताव तयार होतो. यादी अंतिम झाल्यानंतर नावे वाढून मर्यादा ओलांडली गेली, तर त्याच इमारतीत किंवा लगत सहायकारी मतदान केंद्र दिले जाते आणि मूळ क्रमांकापुढे अक्षर लावून ते ओळखले जाते. याउलट मतदार खूपच कमी उरलेली केंद्रे शेजारच्या केंद्रात विलीनही केली जातात. या साऱ्या फेरजुळणीला मतदान केंद्रांचे सुसूत्रीकरण म्हणतात.

येथे नव्या वसाहतींमधील रहिवाशांनी एक गोष्ट पक्की लक्षात घेतली पाहिजे. केंद्र मिळते ते यादीतील नावांच्या संख्येवर; त्या ठिकाणी प्रत्यक्षात किती माणसे राहतात, याचा हिशेब या कामात होत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे उभी राहिलेली रे नगर वसाहत हे याचे उत्तम उदाहरण आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठीच्या या प्रकल्पातील १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लाभार्थ्यांना देण्यात आली. एवढ्या मोठ्या वस्तीला अनेक केंद्रे लागणार हे उघड आहे; परंतु शहराच्या जुन्या भागातून तेथे गेलेल्या कुटुंबाने नमुना क्रमांक ८ भरून पत्ता बदलला नाही, तर त्याचे नाव जुन्याच यादी भागात राहते, ते कुटुंब मतदानासाठी पुन्हा शहरात येते आणि नव्या वसाहतीची मतदारसंख्या कागदावर कमीच दिसते. मग केंद्रही कमीच मिळतात. म्हणून नवीन वसाहतीत केंद्र हवे असेल, तर मागणीच्या निवेदनाआधी नोंदणीची मोहीम घ्यावी. हाच नियम होटगी रोड, शेळगी, बाळे किंवा केगाव परिसरात वाढणाऱ्या गृहप्रकल्पांनाही लागू पडतो.

तिसरी पायरी : कोणती इमारत चालते आणि कोणती चालत नाही

पहिली पसंती शासकीय व निमशासकीय इमारतींना दिली जाते. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, शहरात महापालिकेची शाळा, त्याखालोखाल अनुदानित विद्यालये व महाविद्यालये, आणि त्या नसतील तेथे अंगणवाडी, ग्रामपंचायत कार्यालय किंवा समाजमंदिर, असा क्रम सर्वत्र दिसतो. शाळांना एवढे महत्त्व मिळण्याचे कारण साधे आहे : त्यांना आवार असते, एकसारख्या आकाराच्या अनेक खोल्या असतात, स्वच्छतागृहे असतात आणि मतदानाच्या दिवशी सुट्टी देता येते.

पोलीस ठाणे, रुग्णालय, मंदिर किंवा धार्मिक महत्त्व असलेली कोणतीही जागा यांत केंद्र ठेवता येत नाही. पंढरपुरात या नियमाची खरी कसोटी लागते. तेथे मठ आणि धर्मशाळा विपुल आहेत, त्यांतील अनेकांची सभागृहे शाळेच्या वर्गखोलीपेक्षा कितीतरी प्रशस्त आहेत आणि वारीच्या काळात तेथे मोठ्या संख्येने वारकरी राहतात. तरीही त्यांचे धार्मिक स्वरूप लक्षात घेता केंद्रासाठी शाळाच शोधाव्या लागतात. राजकीय पक्षाचे कार्यालय केंद्रापासून २०० मीटरच्या आत नसावे, अशीही अट आहे. जागा पाहताना ही अट सहज नजरेतून सुटते, कारण पक्ष कार्यालये बहुधा भाड्याच्या गाळ्यांत असतात आणि दोन निवडणुकांच्या मधल्या काळात त्यांचे पत्ते बदलतात.

खासगी इमारत हा शेवटचा पर्याय असतो. ती घ्यायची झाल्यास मालकाची लेखी संमती घेतली जाते, आणि आवश्यक ठरल्यास १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १६० खाली जागा अधिग्रहित करून कलम १६१ प्रमाणे मोबदला देता येतो. ती जागा उमेदवाराची किंवा त्याच्या उघड समर्थकाची असू नये. आपल्या जिल्ह्यात शिक्षण संस्था आणि राजकारण यांचे नाते जुने व जवळचे आहे, हे सांगायला नकोच. त्यामुळे एखाद्या खासगी संस्थेच्या इमारतीबाबत शंका असेल, तर ती उमेदवारी जाहीर होण्याची वाट न पाहता मतदान केंद्रांची प्रारूप (कच्ची) यादी प्रसिद्ध होते त्या वेळीच लेखी मांडणे योग्य ठरते. इमारत एकदा ताब्यात घेतली की मतदान संपेपर्यंत तिचे नियंत्रण निवडणूक यंत्रणेकडे असते आणि मालकाचे पहारेकरी किंवा इतर माणसे तेथे थांबू शकत नाहीत.

खोलीसंबंधीच्या अपेक्षा अधिक बारकाईच्या आहेत. केंद्र तळमजल्यावर असावे, खोलीचे क्षेत्रफळ किमान २० चौरस मीटर असावे, आत जाण्यासाठी व बाहेर पडण्यासाठी शक्यतो वेगवेगळी दारे असावीत, आणि एकच दार असेल तर दोर किंवा बांबू लावून येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे करता यावेत. याशिवाय चाकाच्या खुर्चीसाठी उतरता मार्ग (रॅम्प), पिण्याचे पाणी, वीज, स्वच्छतागृह, सावली, फर्निचर आणि दिशादर्शक फलक या किमान सुविधा प्रत्येक केंद्रावर असणे बंधनकारक आहे. रॅम्पबाबत मात्र कागद आणि प्रत्यक्ष यांत अंतर राहू शकते. शाळेच्या दर्शनी पायऱ्यांवर रॅम्प असतो, पण मतदानाची खोली आवाराच्या मागच्या बाजूला असते आणि तेथे जाताना वाळू, चर किंवा आणखी दोन पायऱ्या लागतात. पाहणी करणाऱ्याने फाटकापासून मतदान यंत्र ठेवण्याच्या जागेपर्यंतचा संपूर्ण मार्ग चाकाच्या खुर्चीच्या दृष्टीने पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सावलीच्या बाबतीतही तेच. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. व्हरांडा नसलेली, पश्चिमेकडे तोंड असलेली खोली मंडप घातल्याशिवाय केंद्र म्हणून सुचवूच नये.

एका आवारात दोन माध्यमांच्या शाळा भरणे सोलापुरात नवलाचे नाही. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू अशा चारही भाषांतील शिक्षणाची परंपरा या शहराला आहे. अशा ठिकाणी यादीत केवळ शाळेचा क्रमांक लिहून भागत नाही. शाळेचे पूर्ण नाव, माध्यम, इमारत जुनी की नवी, खोली क्रमांक आणि खोलीची दिशा हे सर्व नमूद केले नाही, तर मतदार चुकीच्या रांगेत अर्धा तास उभा राहतो.

चौथी पायरी : अंतर आणि वाटेतील अडथळे

मतदाराला केंद्रापर्यंत पोचण्यासाठी दोन किलोमीटरपेक्षा अधिक जावे लागू नये, हा सर्वसाधारण निकष आहे. साधारण ३०० पेक्षा अधिक मतदार असलेल्या गावात योग्य इमारत असेल, तर त्या गावाला स्वतःचे केंद्र दिले जाते.

शहरात दोन किलोमीटरचा प्रश्न सहसा येत नाही. तो येतो सांगोला, माळशिरस, पंढरपूर आणि करमाळा भागांतील वाड्या-वस्त्यांवर. येथे गावठाणात थोडी घरे आणि बाकीचे गाव शेतांमध्ये विखुरलेले, अशी रचना असते. गावाचे केंद्र गावठाणातील शाळेत असते, पण मोठ्या संख्येने मतदार चार दिशांच्या वस्त्यांवर राहतात. वस्तीवर स्वतःची शाळा असेल, तर तेथे वेगळे केंद्र मागता येते. परंतु त्यासाठी त्या वस्तीवरील मतदारांची नावे यादीत एकाच अनुभागात सलग असली पाहिजेत. ती गावभर विखुरलेली असतील, तर वस्तीची संख्या किती, हेच दाखवता येत नाही. त्यामुळे बीएलओने घर क्रमांकांची मांडणी वस्तीनिहाय करून घेणे हे केंद्राच्या मागणीआधीचे काम ठरते.

अंतर मोजताना नकाशावरील सरळ रेषा फसवी असते. सीना आणि भीमा या नद्या, उजनी धरणाचा जलाशय, मोठे ओढे आणि कालवे यांमुळे समोर दिसणारी शाळा प्रत्यक्षात दूरच्या पुलावरून वळसा घालून गाठावी लागते. मतदारांना नदी किंवा डोंगरासारखा नैसर्गिक अडथळा ओलांडावा लागू नये, असा निकषच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा परिसरातील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले होते. पूर येऊन गेलेल्या गावात शाळेची इमारत सुस्थितीत आहे का, हे जुन्या नोंदीवर विसंबून न राहता नव्याने तपासले पाहिजे. शहरात नदीची जागा रेल्वेमार्ग आणि महामार्ग घेतात. वृद्ध मतदाराला चौपदरी रस्ता ओलांडायला लावणारे पाचशे मीटरवरचे केंद्र हे रस्त्याच्या अलीकडील हजार मीटरवरच्या केंद्रापेक्षा गैरसोयीचे असू शकते.

सामाजिक अंतरही याच पायरीत पाहिले जाते. गावातील दुर्बल घटकांना दडपणाशिवाय जाता येईल, अशीच जागा असली पाहिजे. एखाद्या वस्तीच्या मतदारांना केंद्रावर जाताना अडवले जाण्याचा किंवा धमकावले जाण्याचा पूर्वानुभव असेल, तर ती माहिती अधिकाऱ्यांना देणे हे जागेविषयीच्या हरकतीइतकेच ग्राह्य असते.

पाचवी पायरी : पाहणी, प्रारूप यादी आणि बैठक

मतदार यादीच्या पुनरीक्षणाआधी बीएलओ व पर्यवेक्षक प्रत्येक केंद्राला प्रत्यक्ष भेट देऊन इमारतीची स्थिती, सुविधा आणि मतदारसंख्या यांचा अहवाल तयार करतात. नव्या बीएलओंना सल्ला असा की, हा अहवाल मुख्याध्यापकांना फोन करून भरू नये. गेल्या वर्षी बांधलेली संरक्षक भिंत, बंद पडलेला नळ, धोकादायक म्हणून घोषित झालेली खोली आणि नव्याने लागलेला फलक या गोष्टी फोनवर कळत नाहीत. सोबत नजरी (जागेवर पाहून हाताने काढलेला) नकाशा असावा आणि त्यावर यादी भागाची हद्द, प्रमुख रस्ते, वस्त्या व केंद्र स्पष्ट दाखवावे.

अहवालांवरून प्रस्ताव तयार होतात आणि त्यांची प्रारूप यादी प्रसिद्ध केली जाते. ती मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या व तहसीलच्या कार्यालयात पाहायला मिळते आणि तिच्यावर ठरावीक मुदतीत लेखी हरकती व सूचना मागवल्या जातात. ही मुदत मोजक्या दिवसांची असते. याच काळात मान्यताप्राप्त राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींची बैठक होते आणि खासदार व आमदार यांच्याशीही विचारविनिमय केला जातो. बैठकीत कोणत्या केंद्राची जागा बदलणार, कोणते नवीन होणार, कोणते विलीन होणार आणि त्याचे कारण काय, हे समोर ठेवले जाते. पक्षांचे बूथ कार्यकर्ते या बैठकीला गंभीरपणे घेत नाहीत आणि मतदानाच्या दिवशी मात्र सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असतो, असे निरीक्षण नोंदवणे भाग आहे. हरकतींचा विचार करून जिल्हा निवडणूक अधिकारी अंतिम प्रस्ताव पाठवतात आणि आयोगाच्या मान्यतेनंतर यादी प्रसिद्ध होते.

प्रारूप यादीची जाहिरात घरोघर पोचत नाही. ती हुकायची नसेल, तर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून वर्तमानपत्रांतील जिल्हा पानावर लक्ष ठेवावे आणि आपल्या बीएलओशी ओळख ठेवावी. त्यांचे नाव व संपर्क मतदार सेवा पोर्टलवर यादी भागानुसार मिळतो.

सहावी पायरी : हरकत किंवा सूचना कशी लिहावी

निवेदने फेटाळली जाण्याचे प्रमुख कारण म्हणजे त्यांत गैरसोय सांगितलेली असते, पण पर्याय सांगितलेला नसतो. 'आमचे केंद्र जवळ करावे' एवढे वाचून अधिकारी काहीही करू शकत नाहीत. निवेदनात मतदारसंघाचे नाव, यादी भाग क्रमांक आणि सध्याच्या केंद्राचा यादीत छापलेला पत्ता जसाच्या तसा द्यावा. त्यानंतर नेमका कोणता निकष मोडला जातो, ते एका वाक्यात लिहावे, आणि मग पर्यायी इमारतीचे नाव, मालकी, तळमजल्यावरील खोल्यांची संख्या व वस्तीपासूनचे चालत जाण्याचे अंतर द्यावे. छायाचित्रे आणि हाताने काढलेला नकाशा जोडला, तर पर्यवेक्षकाचे काम निम्म्याने हलके होते. निवेदनाचा गाभा साधारण पुढीलप्रमाणे असू शकतो.

'सदर यादी भागातील अनुभाग क्रमांक ३ मधील मतदारांची वस्ती सध्याच्या मतदान केंद्रापासून रस्त्याने ३.५ किलोमीटर अंतरावर असून मध्ये ओढा आहे व पावसाळ्यात तो ओलांडता येत नाही. वस्तीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा असून दोन्ही खोल्या तळमजल्यावर आहेत, तेथे वीज व पाणी उपलब्ध आहे, मात्र रॅम्प नाही. तरी सदर अनुभागासाठी या शाळेत स्वतंत्र मतदान केंद्र प्रस्तावित करण्याबाबत स्थळपाहणी व्हावी, ही विनंती.'

रॅम्प नसल्याची कबुली येथे मुद्दाम दिली आहे. पर्यायी इमारतीतील उणीव लपवली तर ती पाहणीत उघड होतेच, आणि मग संपूर्ण निवेदनावरील विश्वास कमी होतो. उणीव आधीच सांगितली, तर ती भरून काढण्याचे काम प्रस्तावातच समाविष्ट करता येते. निवेदनावर शंभर सह्या असण्यापेक्षा दहा सह्या यादीतील अनुक्रमांकासह असणे अधिक उपयोगाचे असते. अर्ज देताना पोच घ्यावी.

जुन्या केंद्राची सवय असल्यामुळे बदलाला विरोध करणारी निवेदनेही येतात. वर्षानुवर्षे एकाच शाळेत मतदान होत असेल, तर सबळ कारणाशिवाय जागा बदलू नये, हे तत्त्व यंत्रणाही मानते. तथापि खोली पहिल्या मजल्यावर असेल किंवा इमारत धोकादायक झाली असेल, तर केवळ सवयीच्या आधारावर केलेला विरोध टिकत नाही आणि टिकूही नये.

यादी मंजूर झाल्यानंतर

अंतिम यादीतील जागा निवडणूक जाहीर झाल्यानंतर सहजासहजी बदलत नाही. छत कोसळणे, बांधकाम सुरू होणे, पूर येणे अशा कारणाने बदल अपरिहार्य झाला, तर त्यासाठी आयोगाची मान्यता घ्यावी लागते, उमेदवारांना व पक्षांना लेखी कळवावे लागते आणि परिसरात दवंडी, फलक, वर्तमानपत्रे यांद्वारे प्रसिद्धी द्यावी लागते. जुन्या जागेवर बदलाचा फलक लावला आहे ना, याची खात्री क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी स्वतः करून घ्यावी. बहुसंख्य मतदार पाय ओळखीच्या शाळेकडेच वळवतात.

मतदारांनी मतदानापूर्वी बीएलओकडून मिळणाऱ्या माहिती चिठ्ठीवरील केंद्राचे नाव मागील वेळेशी ताडून पाहावे. ही चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला कलम १३० अन्वये बंदी असते. त्यामुळे केंद्राला लागून बाजार, चौक किंवा रिक्षाथांबा असेल, तर ती १०० मीटरची रेषा कोठे आखणार, याचा विचार जागा निवडतानाच झालेला असावा. नवी पेठेसारख्या दाट वस्तीत हे काम अवघड असते.

महापालिका व इतर स्थानिक निवडणुकांतील फरक

राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी तयार करत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेऊन ती प्रभागांप्रमाणे विभागली जाते. प्रभागांच्या हद्दी विधानसभेच्या यादी भागांशी जुळतीलच असे नाही, म्हणून एकाच यादी भागाचे तुकडे दोन प्रभागांत जाऊ शकतात आणि शेजारच्या दोन घरांतील मतदार महापालिकेसाठी वेगवेगळ्या शाळांत जातात. सोलापूर महापालिकेत बहुसदस्यीय प्रभाग पद्धत असल्यामुळे मतदाराला एकाहून अधिक मते नोंदवावी लागतात, त्याला वेळ जास्त लागतो आणि एका केंद्रावरील मतदारसंख्या तुलनेने कमी ठेवावी लागते. त्यामुळे केंद्रांची संख्या वाढते आणि विधानसभेच्या वेळी न वापरलेल्या खोल्याही घ्याव्या लागतात. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकीत आपण ज्या खोलीत मतदान केले, तीच खोली पुढील विधानसभेला असेल, असे गृहीत धरू नये.

महापालिकेच्या केंद्रांबाबतची हरकत महापालिका आयुक्तांच्या निवडणूक विभागाकडे, तर जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या केंद्रांबाबतची हरकत तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी. प्रभागनिहाय प्रारूप मतदार यादीवर हरकती घेण्याची वेगळी मुदत असते. आपले नाव चुकीच्या प्रभागात गेले असल्यास ते याच मुदतीत दुरुस्त करून घ्यावे लागते, कारण प्रभाग चुकला की केंद्रही चुकते आणि त्यानंतर केवळ जागेविषयीचा अर्ज देऊन ती चूक निस्तरत नाही.